‘नक्की करायचं का?’ विचारल्याने काम वाचत नाही

प्रश्न थोडक्यात असा: टीमसाठी गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वर एक छोटं टूल लिहिताय, त्यात ब्रँच (कामाची वेगळी शाखा) उडवणं, फोर्स पुश (सर्व्हरवरचं बाजूला सारून आपलं तिथे बसवणं), लोकल बदल टाकून देणं असल्या कमांड आहेत, मग प्रत्येक ठिकाणी ‘नक्की करायचं का’ विचारावं की डिफॉल्टच वेगळे ठेवावेत, आणि लोक वॉर्निंग वाचतच नाहीत त्याला काय करावं. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या टीम्सच्या रिपो (प्रोजेक्टचे गिटमधले साठे) सांभाळतोय, लोकांचं गेलेलं काम परत काढून देणं हा त्यातला मोठा भाग, त्यामुळे माझं मत याबाबतीत पक्कं आहे आणि ते जरा लांबलचक सांगतो.

‘नक्की का’ हा सगळ्यात शेवटचा उपाय. त्याच्या आधी बघायचं की काही नष्ट न करताच काम भागतंय का. भागत नसेल तर नष्ट करायच्या आधी टूलनेच एक प्रत बाजूला ठेवायची. तेही जमत नसेल तर सरळ नकार द्यायचा, ज्याला खरंच करायचंय तो वेगळा पर्याय टाइप करेल. एवढं करून जे उरतं तिथेच विचारायचं, आणि ते फार थोडं उरतं.

असं का म्हणतो ते सांगतो. एका ठिकाणी असंच टूल मी स्वतः लिहिलं होतं, प्रत्येक धोक्याच्या कमांडला हो की नाही. पहिल्या आठवड्यात लोक वाचायचे. महिन्याभराने एका सहकाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचा बिल्ड का अडकतोय ते बघत होतो, त्यांनी क्लीनची (जादा फाइली पुसणारी) कमांड टाकली, एंटर, वाय, परत एंटर, सगळं एका दमात, प्रश्न स्क्रीनवर उमटेपर्यंत उत्तर देऊन झालेलं होतं. त्या कमांडमध्ये इग्नोर केलेल्या (गिटने दुर्लक्ष करावं असं सांगितलेल्या) फाइलींसकट साफ करणारा पर्याय होता, आणि फोल्डरमध्ये त्यांच्या लोकल सेटिंगची फाइल आणि दोन दिवस खपून तयार केलेला टेस्ट डेटा होता, दोन्ही गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटच्या पोटात त्यांची एकही प्रत नाही. ते बराच वेळ नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. त्यात त्यांची चूक नव्हती, दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय बोटांना लागते आणि डोळे त्यात येतच नाहीत. मला ते फार लागलं, कारण तो प्रश्न माझा होता आणि त्याचं वाक्य होतं ‘ही क्रिया परत फिरवता येणार नाही, पुढे जायचं?’ कुठली क्रिया, किती फाइली, कुठल्या, काहीच नाही. नंतर कळलं की दोघातिघांनी तर स्क्रिप्टमध्ये ‘येस’चा पाइप (आपोआप ‘हो’ उत्तर देणारा) जोडून ठेवला होता, म्हणजे तो प्रश्न कोणाच्या नजरेलाही पडत नव्हता.

तेव्हापासून मी कमांडची ‘धोकादायक’ आणि ‘बिनधोक’ अशी विभागणी करायचं सोडून दिलं. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारायच्या: जे जाणार आहे ते गिटच्या पोटात आहे का, आणि ते कोणाचं आहे.

पहिली गोष्ट आधी. एकदा कमिट केलेलं, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवलेलं, काम सहसा जात नाही. ब्रँच उडवली, रिसेट हार्ड केलं (ब्रँच जबरदस्तीने मागे नेली), रीबेस (कमिट नव्या पायावर परत रचणं) फसला, तरी रिफ्लॉगमध्ये (ब्रँच कधी कुठे होती त्या नोंदवहीत) नोंद राहते, डिफॉल्टने ९० दिवस, आणि ज्या कमिटपर्यंत ब्रँचच्या आताच्या टोकापासून पोचता येत नाही त्यांची ३० दिवस. ज्याकडे काहीच बोट दाखवत नाही असं ऑब्जेक्टसुद्धा (गिटने साठवलेला तुकडा) गिट जीसी ही सफाईची कमांड दोन आठवड्यांपेक्षा जुनं झाल्याशिवाय काढत नाही. कमिट न करता नुसतं गिट ॲड केलेली (पुढच्या कमिटसाठी निवडलेली) फाइलही एफएससीके या तपासणीच्या कमांडला लॉस्ट-फाउंड पर्याय देऊन शोधता येते, नाव मिळत नाही पण मजकूर मिळतो, मी अशा फाइली काढून दिल्यात. पण जे ॲडसुद्धा झालं नाही ते गेलं की गेलं. आणि इथे गिटची गंमत नाही, चूक आहे असं मी म्हणेन: ब्रँच उडवताना साधा -डी मर्ज न झालेली (दुसऱ्या ब्रँचमध्ये न मिसळलेली) ब्रँच उडवायला नकार देतो, जिथे कमिट परत मिळवता येतात, आणि चेकआउट करून फाइलवरचे बदल पुसताना जराही अडवत नाही, जिथे परतीचा रस्ताच नाही. २.२३ व्हर्जनमध्ये, ऑगस्ट २०१९ ला, चेकआउटचे दोन तुकडे करून स्विच आणि रिस्टोअर आणले, त्याने निदान ब्रँच बदलायला गेलो आणि फाइल पुसली गेली हा गोंधळ कमी झाला, पण रिस्टोअरही न विचारता, प्रत न ठेवता पुसतो.

२०१७ मधला व्हीएस कोड या एडिटरचा किस्सा बऱ्याच जणांना आठवत असेल. एकाने आधीपासून असलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सोर्स कंट्रोल (एडिटरमधली गिटची सोय) चालू करून बघितलं, सगळ्या फाइली ‘बदल’ म्हणून दिसायला लागल्या, त्याने ते बदल नको म्हणून डिस्कार्ड केलं, डायलॉगला हो म्हटलं, आणि पाच हजारांच्या आसपास फाइली, काही महिन्यांचं काम, कायमचं गेलं. त्याच्या दृष्टीने ‘बदल टाकून द्या’ म्हणजे सोर्स कंट्रोलने जे काही केलं ते मागे घ्या. टूलच्या दृष्टीने गिटला माहीत नसलेली प्रत्येक फाइल हा ‘बदल’. दोघंही आपापल्या जागी सुसंगत. पुढे त्या डायलॉगचा मजकूर बराच कडक केला गेला. पण मला यातलं खरं शिकण्यासारखं वाटतं ते वेगळं आहे: ट्रॅक केलेल्या (गिट ज्यांच्यावर लक्ष ठेवतं अशा) फाइलीतला बदल मागे घेणं आणि कधीच ट्रॅक न केलेली फाइल डिस्कवरून पुसणं या दोन गोष्टी एका बटणाखाली असायलाच नकोत. तुमच्या टूलमध्ये ‘डिस्कार्ड’ असेल तर त्याने अनट्रॅक्ड फाइलींना हातच लावायचा नाही, त्यासाठी दुसरी कमांड, आणि तिचं नाव ‘फाइली डिलीट करा’ असंच सरळ.

गिट क्लीनने हे बरं केलंय. नुसतं गिट क्लीन लिहिलं तर ते नकार देतं, -एफ द्या, किंवा -आय देऊन एकेक निवडा, किंवा -एन देऊन नुसतं काय जाईल ते बघा. मी तुमच्या जागी असतो तर एक पाऊल पुढे जाऊन पर्याय न देता चालवलं की यादीच दाखवली असती, म्हणजे नकार देऊन हात हलवत परत पाठवण्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी दिसतं.

आता प्रत ठेवण्याबद्दल, कारण हे तुमच्या टूलमध्ये लगेच करता येईल आणि यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. बदल पुसायच्या आधी एक तात्पुरती इंडेक्स फाइल (पुढच्या कमिटमध्ये काय जाणार याची यादी) घ्या, गिट-इंडेक्स-फाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिच्याकडे वळवा, सगळं ॲड करा, राइट-ट्री आणि कमिट-ट्री या कमांडनी कमिट बनवा, आणि तयार झालेल्या कमिटला रेफ्सच्या (कमिटकडे बोट दाखवणाऱ्या नावांच्या) खाली ‘बॅकअप’ आणि तारीख-वेळ अशा नावाने टांगून ठेवा. ब्रँचच्या यादीत ते दिसत नाही, पुशमध्ये आपोआप जात नाही, आणि रेफ असल्यामुळे जीसी त्याला खात नाही. नेहमीच्या रिपोत याला इतका कमी वेळ लागतो की वापरणाऱ्याला जाणवतही नाही. महिन्यापेक्षा जुने बॅकअप टूलनेच काढायचे. इग्नोर केलेल्या फाइली यात येत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणून इग्नोर केलेलं पुसणारी कमांड ही खरोखर परत न फिरणारी कमांड आहे, तिथे मात्र थांबवून विचारा. स्टॅश क्रिएट ही बदल जपून ठेवणारी गिटची तयार कमांड वापरायचा मोह होईल, पण त्यात अनट्रॅक्ड फाइली येत नाहीत.

हा विचार नवा नाही. मर्क्युरिअल या गिटसारख्याच टूलमध्ये रिव्हर्ट केलं (बदल मागे घेतले) की डिफॉल्टनेच जुना मजकूर डॉट-ओरिग नावाच्या फाइलीत ठेवला जातो, लोक त्या फाइलींना कचरा म्हणून वैतागतात, पण मी त्यातून माणसांचं काम वाचलेलं बघितलंय. स्ट्रिप करून कमिट काढले तरी त्यांचा बंडल बॅकअप फोल्डरमध्ये राहतो. आणि जुजुत्सू या त्याच जातीच्या टूलने तर दिशाच बदलली, जवळपास प्रत्येक कमांड चालवताना वर्किंग कॉपीचं स्नॅपशॉट आपोआप घेतलं जातं, प्रत्येक क्रियेची नोंद ऑपरेशन लॉगमध्ये, आणि चुकलं की अनडू. तिथे ‘नक्की का’ विचारायची गरजच फार कमी पडते. त्यांचा अजून एक डिफॉल्ट मला आवडतो, एक एमबीपेक्षा मोठी नवी फाइल आपोआप ट्रॅक करायला ते नकार देतात, म्हणजे चुकून डेटाबेसचा डंप इतिहासात शिरत नाही.

दुसरी गोष्ट, ते काम कोणाचं आहे. माझ्या ब्रँचवर मी काय वाट्टेल ते करीन, दुसऱ्याचं उडवताना नियम वेगळा हवा. गिटमध्ये २.० येईपर्यंत, म्हणजे मे २०१४ पर्यंत, नुसतं गिट पुश म्हटलं की ‘मॅचिंग’ लागू व्हायचं: दोन्हीकडे ज्या नावाच्या ब्रँच आहेत त्या सगळ्या पुश. मनात असायचं की मी ज्या ब्रँचवर उभा आहे तेवढीच जाईल. साध्या पुशमध्ये जुन्या ब्रँचना सर्व्हर नकार द्यायचा, थोडा गोंधळ व्हायचा इतकंच. पण त्याला फोर्स जोडला की तुमच्याकडे तीन आठवडे जुनी पडलेली मास्टर ही मुख्य ब्रँचसुद्धा सगळ्यांच्या मास्टरवर जाऊन बसायची. आमच्याकडे एकदा नेमकं हेच झालं, आपली फीचर ब्रँच रीबेस करून ढकलायची होती, आणि सोबत मास्टर मागे गेली. २.० पासून डिफॉल्ट ‘सिंपल’ झाला, फक्त सध्याची ब्रँच आणि तीही अपस्ट्रीमशी (सर्व्हरवरच्या जोडीच्या ब्रँचशी) नाव जुळत असेल तरच. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेन्किन्स या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या १८६ रिपोंवर चुकून जुन्या लोकल प्रती फोर्सने जाऊन बसल्या होत्या, ते निस्तरायला होस्टिंगवाल्यांची मदत घ्यावी लागली. इतक्या मोठ्या आवाक्याचं नुकसान एका माणसाच्या एका कमांडने होतं तेव्हा प्रश्न त्या माणसाच्या सावधपणाचा नसतो, सर्व्हरने ते घेतलंच कसं हा असतो.

म्हणून तुमच्या टूलपेक्षा आधी सर्व्हर बघा. सेंट्रल रिपोत रिसीव्हचा डिनाय-नॉन-फास्ट-फॉरवर्ड्स हा पर्याय (आधीचे कमिट मागे टाकणारा पुश नाकारणारा) डिफॉल्टने बंद असतो, रिपो बनवताना गिट इनिटला शेअर्ड पर्याय दिला असेल तरच आपोआप चालू होतो. आणि एक गोष्ट जी कळल्यावर बहुतेकांना धक्का बसतो: बेअर रिपोत (कामाच्या फाइली नसलेल्या, सर्व्हरवर ठेवतात तशा) रिफ्लॉग डिफॉल्टने बंद असतो. म्हणजे सर्व्हरवर कोणी फोर्सने ब्रँच मागे नेली तर ती आधी कुठे होती याची नोंद सर्व्हरकडे नसते, मग कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या ओरिजिनच्या (सर्व्हरवरच्या ब्रँचच्या) रिफ्लॉगमध्ये शोधत बसावं लागतं. कोअरचं लॉग-ऑल-रेफ-अपडेट्स तिथे आजच चालू करा, एका ओळीचं काम आहे.

टूलमध्ये फोर्स पुश द्यायचाच असेल तर साधा फोर्स देऊच नका, फोर्स-विथ-लीज द्या. ‘मी शेवटचं बघितलं होतं तसंच सर्व्हरवर असेल तरच’ असा त्याचा अर्थ. फक्त त्यात एक खाच आहे, एडिटर मागच्या मागे फेच करत असेल (सर्व्हरवरचे नवे कमिट आणत असेल) तर ‘शेवटचं बघितलं’ हे गिटच्या लेखी पुढे सरकतं, तुम्ही काहीच बघितलेलं नसताना, आणि लीज आरामात पास होतो. गिट २.३० मध्ये फोर्स-इफ-इन्क्लूड्स आला तो यासाठीच, दोन्ही एकत्र लावा. मर्क्युरिअलची फेजेसची कल्पना अजून सरळ आहे, २०१२ पासून: एकदा नेहमीच्या सर्व्हरवर गेलेला कमिट पब्लिक होतो आणि पब्लिक कमिटचा रीबेस ते करूच देत नाही. मी कमिट कोणाला दिलाय का हे माणसाने लक्षात ठेवायचं की टूलने, याचं उत्तर तिथे टूलने असं आहे. सबव्हर्जन या जुन्या टूलनेही एक गोष्ट फार शहाणपणाने केली होती, कमिट मेसेजसारख्या रिव्हिजन प्रॉपर्टी बदलल्या की जुनं मूल्य कुठेच राहत नाही, म्हणून ॲडमिनने स्वतः हुक (त्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लिहून परवानगी दिल्याशिवाय ते बदलताच येत नाहीत. जे परत आणता येत नाही ते डिफॉल्टने बंद, यापेक्षा स्पष्ट नियम मला माहीत नाही.

आता वॉर्निंग. लोक वाचत नाहीत असं आपण म्हणतो, पण आपण त्यांना काय वाचायला देतो ते बघा. गिट २.२७ मध्ये, जून २०२० ला, पुल केलं (सर्व्हरवरचं आणून आपल्यात मिसळलं) की मर्ज करायचं की रीबेस ते ठरवा अशी लांबलचक सूचना यायला लागली. अडचण ही की जिथे मर्जही लागणार नाही आणि रीबेसही, नुसतं फास्ट-फॉरवर्ड होणार (ब्रँच सरळ पुढे सरकणार), तिथेही ती यायची. लोकांनी काय केलं, पहिली ओळ कॉपी केली, सेटिंगमध्ये टाकली, गप्प केलं. नंतर त्यांनी ती खरोखर दोन्हीकडे वेगळे कमिट असतानाच दाखवायला सुरुवात केली, आणि २.३३ पासून तिथे सूचना नाही तर नकारच मिळतो, आधी ठरवा मग पुल. माझ्या मते शेवटचं रूप बरोबर, पहिलं चूक. ज्या वेळी काहीही बिघडत नाही त्या वेळी वॉर्निंग दिली की बिघडतं त्या वेळची वॉर्निंग वाया जाते.

याच्या उलट गिटचाच एक चांगला नमुना आहे. डिटॅच्ड हेडमध्ये (कुठल्याच ब्रँचवर नसण्याच्या अवस्थेत) शिरताना येणारा मोठा परिच्छेद कोणी वाचत नाही. पण तिथे कमिट करून दुसऱ्या ब्रँचवर निघालात तर गिट सांगतं की तुम्ही एक कमिट मागे सोडून चाललाय, तो कुठल्याही ब्रँचला जोडलेला नाही, हा त्याचा हॅश (ओळख-क्रमांक) आणि पहिली ओळ, ठेवायचा असेल तर ही कमांड. फक्त नुकसान होणार असेल तेव्हाच येतं, नेमकं काय जाणार ते सांगतं, परतीचा रस्ता हातात देतं. स्वतःचा कमिट मेसेज दिसला की माणूस थांबतोच. ब्रँच उडवल्यावर ‘अमुक हॅश होता’ असं गिट छापतं तेही याच जातीचं, चार शब्द, पण मी कित्येकदा टर्मिनल वर स्क्रोल करून त्या हॅशवरून ब्रँच परत उभी केलीय.

संदेशात तुम्ही जी कमांड द्याल ती लोक जशीच्या तशी चिकटवणार हे धरूनच लिहा. एप्रिल २०२२ मध्ये एका सुरक्षेच्या प्रश्नामुळे गिटने दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधली रिपो वापरायला नकार द्यायला सुरुवात केली, डिफॉल्ट योग्यच होता. पण संदेशात कारण अर्ध्या ओळीत आणि खाली सेफ-डिरेक्टरीत अपवाद जोडायची तयार कमांड. कंटेनरमध्ये (मशीनमधल्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) काम करणाऱ्यांना ते दर वेळी यायचं, मग बऱ्याच ठिकाणी सरळ स्टार टाकून सगळंच सुरक्षित जाहीर करून टाकलं. म्हणून पहिली कमांड नेहमी बघण्याची द्या, दुसरी जपण्याची, आणि जबरदस्तीची कमांड संदेशात छापूच नका, मदतीच्या पानावर ठेवा.

तुमच्या फोर्स पुशसाठी मी असं लिहीन: ‘लॉगिन-दुरुस्ती या ब्रँचवर सर्व्हरकडे ३ कमिट आहेत जे तुमच्याकडे नाहीत, त्यातले २ दुसऱ्या व्यक्तीचे, शेवटचा काल संध्याकाळचा. पुश केला नाही. ते कमिट बघण्यासाठी ही कमांड.’ ‘पुश केला नाही’ हे तीन शब्द विसरू नका. नकार दिल्यावर लोकांना पहिली शंका हीच असते की अर्धवट काही झालं का, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत ते जे पुढचं टाइप करतात त्यानेच खरं नुकसान होतं.

सेटिंगची मूल्यंही अशीच सरळ ठेवा. गिटमध्ये चुकीची कमांड आपोआप दुरुस्त करायचं सेटिंग आहे, त्यातला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो. लोकांनी ‘चालू’ समजून १ टाकलं आणि विचार बदलायला ०.१ सेकंद मिळाला.

जिथे शेवटी विचारावंच लागेल, म्हणजे इग्नोर केलेल्या फाइली किंवा सर्व्हरवरची सामाईक ब्रँच, तिथे वाय नको, ब्रँचचं नाव किंवा फाइलींची संख्या टाइप करून घ्या. समोर टर्मिनल नसेल, स्क्रिप्टमधून चालत असेल, तर उत्तराची वाट न बघता नकार द्या आणि एक्झिट कोड शून्य (म्हणजे यशस्वी) सोडून दुसरा. आणि सगळं लिहून झालं की टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला एका फालतू रिपोत हे प्रत्येक संदेश मुद्दाम आणायला लावा, शेजारी बसा, काही समजावू नका, फक्त संदेश वाचून ते पुढे काय टाइप करतात ते लिहून घ्या.